एफसी गोवा इतके चांगले खेळूनही आयएसएल का जिंकत नाही, आणि यंदा तरी जिंकेल का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. बहुतेक वर्षी गुणतालिकेत वर राहणाऱ्या एफसी गोवाच्या हाती इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेचा करंडक का लागत नाही, हा पहिला. आणि १४ फेब्रुवारी २०२६ पासून सुरू होणाऱ्या हंगामात समर्थक म्हणून मला काय वाटते, हा दुसरा. मी फोंड्याचा आहे. घरी मराठी, बाजारात कोंकणी आणि फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये तोंडात येईल ती, अशी माझी भाषेची वाटणी आहे. त्यामुळे हे उत्तर तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. मात्र आकडे मी तपासून घेतो आणि निराशेची सवय मला पुरेशी आहे.

आधी एक दुरुस्ती करतो. हा संघ काहीच जिंकत नाही, असे पुण्यामुंबईकडचे मित्र म्हणतात तेव्हा ते चुकतात. २०१९ मध्ये भुवनेश्वरला चेन्नईयिनला २-१ ने हरवून गोव्याने सुपर कप जिंकला, २०२१ मध्ये ड्युरँड कप जिंकला, मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० ने नमवून पुन्हा सुपर कप घेतला आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला फातोर्ड्यावर ईस्ट बंगालला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तो राखला. २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल राहून लीग शील्ड मिळवणारा पहिला संघही गोवाच होता आणि त्यामुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान त्याला मिळाला. हुलकावणी देत राहिला तो फक्त साखळीनंतरच्या बाद फेरीतून मिळणारा आयएसएलचा करंडक.

आता तो कसा निसटला ते पाहा, कारण माझ्या भाकिताचे सारे मूळ तिथे आहे. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, चेन्नईयिनविरुद्धचा अंतिम सामना. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल करून गोव्याला २-१ असे पुढे नेले आणि स्टेडियममधल्या प्रत्येकाने मनातल्या मनात करंडक उचलून पाहिला. नव्वदाव्या मिनिटाला आपलाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या नावावर स्वयंगोल लागला आणि भरपाई वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा गोल करून सामना संपवला. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीतल्या अंतिम सामन्यात बेंगळुरूने गोव्याला १-० ने हरवले. राहुल भेकेचा तो हेडर जादा वेळेतल्या ११७व्या मिनिटाला आला. २०२१ च्या उपांत्य फेरीत मुंबई सिटीविरुद्ध दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि शूटआउट ६-५ असे हातचे गेले.

पण यांतल्या कोणत्याही पराभवापेक्षा मला २४ एप्रिल २०२४ ची रात्र जास्त सलते, कारण त्या रात्री मी स्टेडियममध्ये होतो. मुंबई सिटीविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला टप्पा होता. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांमुळे नव्वदाव्या मिनिटापर्यंत आम्ही २-० ने पुढे होतो. आमच्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ पार्किंगची गर्दी टाळण्यासाठी ८८व्या मिनिटाला उठून गेले. फोंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांना आपण जिंकलो असेच वाटत राहिले असणार, आणि आजही मला त्या माणसाचा हेवा वाटतो. मुंबईच्या छांगटेने एक गोल केला, पुढच्याच मिनिटाला विक्रमने दुसरा केला आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेनेच तिसरा केला. सात मिनिटांत दोनाचे तीन झाले, तेही समोरच्यांचे. मुंबईतला दुसरा टप्पा आम्ही ०-२ ने हरलो, पण तो सामना खरे तर फातोर्ड्यावरच संपला होता. परतताना बोरीचा पूल ओलांडून घरी पोहोचेपर्यंत गाडीतल्या आम्हा चौघांपैकी कोणी एक शब्द बोलले नाही. रस आम्लेट खाऊ या, असे येताना ठरले होते; त्याची आठवण कोणी काढली नाही.

पुढच्या वर्षी हेच घडले, फक्त वळण वेगळे होते. बेंगळुरूमध्ये ०-२ असे हरून आलेल्या गोव्याने ६ एप्रिल २०२५ रोजी फातोर्ड्यावर बोर्हा हेरेरा आणि ८८व्या मिनिटाला सादिकू यांच्या गोलांनी एकूण बरोबरी साधली. चार मिनिटांनी, म्हणजे भरपाई वेळेत, बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने हेडरने गोल केला. छेत्रीविषयी मनात आदर आहे, पण त्या रात्री तो आणायला मला बराच वेळ लागला.

यावर आमच्याकडे सरसकट दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की गोव्याचे खेळाडू मोठ्या सामन्यात घाबरतात. मला ते पटत नाही. घाबरणारा संघ तीन सुपर कप जिंकत नाही आणि शूटआउटमध्ये ईस्ट बंगालपुढे टिकत नाही. शिवाय २०२२ चा अंतिम सामना आठवा. तो हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यात, पण फातोर्ड्यावरच झाला. ८८व्या मिनिटाला हैदराबादला बरोबरी साधून देणारा साहिल तव्होरा गोव्याचा होता आणि शूटआउटमध्ये तीन पेनल्ट्या अडवून करंडक मिळवून देणारा गोलरक्षक होता तोच लक्ष्मीकांत कट्टीमनी, ज्याच्या माथी २०१५ चा स्वयंगोल लागला होता. त्या हैदराबादचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ. म्हणजे गोव्याच्या पोरांना आणि गोव्याच्या आजच्या प्रशिक्षकाला फातोर्ड्यावर करंडक जिंकता येतो. जर्सी तेवढी दुसऱ्याची असावी लागते, असे म्हणायची पाळी येते.

माझ्या मते खरे कारण जास्त साधे आणि जास्त कंटाळवाणे आहे. प्रशिक्षक म्हणून सर्जिओ लोबेरा आले तेव्हापासून हा संघ चेंडू पायाशी ठेवून, दोन्ही बाजूंचे बचावपटू वर चढवून खेळतो आणि हीच त्याची ओळख बनली. असा खेळ सत्तर-ऐंशी मिनिटे प्रतिस्पर्ध्याला दमवतो. पण आघाडी मिळाल्यावर उरलेली दहा मिनिटे कशी काढायची, याची त्या शैलीत स्वतंत्र तयारी नसते. चेंडू फेकून द्यायला लाज वाटते आणि पायाशी ठेवायला ताकद उरत नाही, अशी अवस्था होते. त्यात बाकावरून येणारा खेळाडू मैदानातून जाणाऱ्याच्या तोडीचा नसला, की शेवटच्या दहा मिनिटांत दर्जा उतरतो आणि समोर छांगटे किंवा छेत्री असला तर तो तेवढ्याची वाटच पाहत असतो. यात दुर्दैव नाही असे मी म्हणत नाही. परंतु तेच दुर्दैव त्याच मिनिटांना पुन्हापुन्हा येत असेल, तर त्याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे.

आता यंदाच्या हंगामाविषयी. व्यावसायिक हक्कांच्या कराराचा घोळ लांबल्यामुळे एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी स्पर्धा फेब्रुवारीवर गेली आणि ती आटोपशीर करावी लागली. चौदा संघ, प्रत्येकाशी एकदाच सामना, म्हणजे प्रत्येक संघाचे तेरा आणि एकूण ९१ सामने. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही; तालिकेत जो वर, तो विजेता. बाकी सारे या तडजोडीबद्दल हळहळत असताना मला मात्र गुपचूप आनंद झाला, हे कबूल करतो. हाच नियम २०१९-२० मध्ये असता तर १८ सामन्यांत ३९ गुण आणि ४६ गोल करणारा गोवा विजेता ठरला असता आणि चेन्नईयिनविरुद्धच्या उपांत्य फेरीतला ५-६ असा एकूण पराभव घडलाच नसता. तशीही साखळी जिंकणे ही गोव्याची जुनी परंपरा आहे. डेम्पोने पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर यांनी प्रत्येकी दोन वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणले, ते गुणतालिकेच्याच जोरावर. माझे वडील डेम्पोचे. ‘फायनल खेळून चॅम्पियन ठरवायचा, हा कसला लीग?’ हा त्यांचा प्रश्न २०१४ पासून घरात घुमतो आहे आणि यंदा प्रथमच त्यांच्या मनासारखे झाले आहे.

तेव्हा हिशेब मांडू. २०२३-२४ मध्ये गोव्याने २२ सामन्यांत ४५ गुण मिळवले आणि तिसरा क्रमांक घेतला. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत ४८ गुण मिळवून दुसरा. म्हणजे मार्केझ यांच्या हाताखाली हा संघ सामन्यागणिक दोन गुणांच्या आसपास स्थिर आहे. तेरा सामन्यांत त्याचे २६ किंवा २७ गुण होतात. त्याच दोन हंगामांत अव्वल राहिलेल्या मोहन बागानचे ४८ आणि ५६ गुण तेरा सामन्यांच्या मापात बसवले, तर ते अनुक्रमे २८ आणि ३० च्या घरात जातात. विजेता आणि गोवा यांच्यातले अंतर दोन ते चार गुणांचे आहे. जिंकलेला सामना शेवटच्या मिनिटाला बरोबरीत सुटला तर दोन गुण जातात; असे दोनदा झाले की चार. बाद फेरी नसली तरी नव्वदावे मिनिट तेरा वेळा येणारच आहे, आणि यंदाचे विजेतेपद त्याच्याच हाती आहे असे मला वाटते.

चिंतेच्या गोष्टीही आहेत. एकेरी साखळीत नशिबाचा वाटा वाढतो, कारण मोहन बागानशी किंवा बेंगळुरूशी होणारा एकमेव सामना घरी आहे की बाहेर, यावर बरेच अवलंबून राहते आणि चूक सुधारायला परतीचा सामना नसतो. सुरुवातीचे दोन-तीन सामने गेले, तर हंगामाचा पाव भाग गेला. लीग चार-पाच महिने लांबल्याने परदेशी खेळाडूंची जमवाजमव सर्वच क्लबांत विस्कटली आहे. ज्या संघांचा कणा भारतीय खेळाडूंचा आहे त्यांना याचा कमी फटका बसेल, आणि इथे गोव्याची बाजू बरी आहे, असा माझा अंदाज आहे. बचावात संदेश झिंगन आहे. मध्यात तव्होरा आहे. आणि ब्रायसन फर्नांडिस आहे, ज्याला २०२४-२५ चा उदयोन्मुख खेळाडू म्हणून गौरवण्यात आले आणि ज्याने २२ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्यावर सौदी अरेबियाच्या अल नासर क्लबविरुद्ध गोल केला. तो सामना आम्ही १-२ ने हरलो आणि ज्याच्यासाठी अर्ध्या लोकांनी तिकिटे काढली होती तो रोनाल्डो गोव्यात आलाच नाही. पण ब्रायसनचा तो गोल मी तिथे बसून पाहिला आणि माझे पैसे वसूल झाले.

आपल्याला आकडा हवा असेल तर तोही देतो. गोवा पहिल्या तिघांत राहील, याबद्दल मला शंका नाही. २७ गुण आणि दुसरा क्रमांक, हे माझे थंड डोक्याने केलेले भाकीत आहे. २९ गुण आणि विजेतेपद ही माझी इच्छा आहे आणि ती अवाजवी नाही. त्यासाठी माझी अपेक्षा एवढीच, की आघाडी असताना पंचाहत्तराव्या मिनिटाच्या आत मध्यरक्षकांपैकी एक ताज्या दमाचा यावा, शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू गॅलरीत मारायची कोणाला लाज वाटू नये आणि बाकावरच्या तरुण गोंयकारांना पराभव निश्चित झाल्यावर नव्हे, तर सामना रंगात असताना उतरवले जावे.

आपण हा संघ नव्यानेच पाहू लागला असाल, तर एक सुचवतो. पहिल्या दोन-तीन सामन्यांत गोल कोणी केले याकडे फार लक्ष देऊ नका. गोवा एका गोलाने पुढे असताना ऐंशीव्या मिनिटाला मार्केझ कोणाला बाहेर बोलावतात आणि कोणाला आत पाठवतात, तेवढे टिपून ठेवा. बचावपटू आत गेला आणि तरीही चेंडू समोरच्यांच्या अर्ध्यात राहिला, तर माझा २७ चा आकडा खोडून २९ करायला हरकत नाही. मी स्वतः यंदाही पूर्वेकडच्या गॅलरीत असेन, ‘फोर्सा गोवा’ ओरडत, आणि पार्किंगची कितीही गर्दी झाली तरी शेवटची शिट्टी वाजेपर्यंत जागचा उठणार नाही.