जाड रॉक आवाजासाठी गिटारचा पहिला अ‍ॅम्प

वॉट किती ते नंतर बघा, आधी स्पीकर पाहा. सहा-आठ इंची स्पीकरमध्ये खालचा भरीवपणा येत नाही. १२ इंची घ्या. घरी आणि बँडसोबत, दोन्हीकडे वाजवायचं तर बॉस कंपनीचा कटाना ५० हा अ‍ॅम्प उत्तम. त्याची पॉवर ५०, २५ किंवा ०.५ वॉट करता येते, म्हणून फ्लॅटमध्येही मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचं बटण) उघडता येतो. व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) १५ वॉटचा अ‍ॅम्पसुद्धा खोलीत कानठळ्या बसवतो.

जाडपणा गेनमधून (आवाज फाटका करणाऱ्या बटणातून) येत नाही, मिडलमधून (मधल्या स्वरांच्या बटणातून) येतो. क्रंच (थोडा फाटका आवाज) लावा, गेन मध्यावर; बटण म्हणजे घड्याळ समजून बास (खालचे स्वर) बाराच्या काट्यावर, मिडल दोनच्या. मिडल शून्यावर नेलात तर एकट्याने वाजवताना छान वाटेल, पण ड्रम सुरू होताच गिटार गायब! गेन फार वाढवला तर कॉर्डमधले स्वर गिचमिड होतात. दुकानात स्वतःचीच गिटार न्या. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग) आणि सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) पिकअपवर तोच अ‍ॅम्प फार वेगळा वाजतो.