पूल तेराव्या शतकातला, मग त्यावर ट्राम कशी?

प्रश्न : संपादक भाऊ, पोरगा स्वित्झर्लंडला बासेलमधे नोकरीला आहे. तिथल्या ऱ्हाईन नदीवरच्या मिटलरे ब्रुके पुलावर म्हणे मोटारी नाहीत, नुसती ट्राम, पायी माणसं, सायकली. पूल 1226 सालचा म्हणतो. एवढा जुना पूल ट्रामचं वजन कसं पेलतो? आम्ही दोघं मे महिन्यात जाणारे, सायकलवर फिरवेन म्हणतो, तेच टेन्शन आहे.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, पोरगा अर्धं बरोबर सांगतोय. 1226 च्या सुमाराला तिथं पहिला पूल झाला हे खरं, पण आज उभा आहे तो दगडी पूल 1905 चा, जुना पाडून त्याच जागी बांधलेला, आणि पाडावा लागला तो ट्राममुळेच. 1895 ला बासेलमधे ट्राम सुरू झाली आणि जुना पूल अरुंद अन् कमजोर पडायला लागला.

जुन्या पुलाची गंमत म्हणजे तो अर्धा दगडी आणि अर्धा लाकडी होता. का, ते आपल्या गिरणा नदीच्या वळणावर उभं राहिलं की लगेच कळतं, बाहेरच्या काठाला पाणी जोरात दरड कापत जातं, तिथं डोह असतो आणि आतल्या काठाला वाळूचा पट्टा. ऱ्हाईनपण बासेलमधेच वळते, म्हणून उथळ बाजूला दगडी खांब उभे राहिले आणि खोल धारेत लाकडी खांबांवर भागवलं. पूर आला की लाकूड जायचं, परत ठोकायचं, असं जवळपास पावणेसातशे वर्षं चाललं! मला तर त्या ठोकणाऱ्या सुतारांचंच जास्त कौतुक वाटतं.

आत्ताचा पूल 192 मीटर आहे. मधोमध रंगीत कौलांचं एक छोटं देऊळ दिसेल, केपेलियोख म्हणतात, जुन्या पुलावरच्या देवळासारखंच परत केलेलं. पूर्वी शिक्षा झालेल्यांना तिथून नदीत ढकलायचे, आता जाळीला प्रेमातली पोरं कुलपं लावतात.

मोटारींचं म्हणाल तर खाजगी गाड्या नाहीत, पण शहर बस जाते तेव्हा मागे लक्ष ठेवा. खरी काळजी रुळांची आहे. आपल्या पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेसारखी (पीजे) खडी नसते, रूळ रस्त्यातच बसवलेले, बाजूला खाच, सायकलचं चाक त्यात गेलं की माणूस पडलाच. रुळाला समांतर चालवू नका, ओलांडायचा तर आडवा ओलांडा, पाऊस असेल तर सरळ उतरून हातात सायकल धरून जा. वहिनींना आधी पायीच न्या, देवळाजवळ कठड्याला टेकून पाणी बघता येतं.