पिलार: नावाचा अर्थ लावताना

स्पॅनिश मुलींच्या नावांचा अर्थ शोधताना थेट शब्दकोश उघडू नका. पिलारच घ्या. कोशात 'खांब' मिळेल, मूळ लॅटिन 'पिला'. पण मुलीला कोणी खांब म्हणून हाक मारत नाही! पूर्ण नाव मारिया देल पिलार, म्हणजे खांबावरची मारिया, अर्थात येशूची आई मेरी. परंपरा सांगते की इ.स. 40 मध्ये स्पेनमधल्या सारागोसात, एब्रो नदीकाठी, मेरीमाता खांबावर उभी राहून येशूचा शिष्य संत याकोबाला दिसली. तो खांब तिथल्या बॅसिलिकात आहे. मागच्या बाजूला त्याचा थोडा भाग उघडा ठेवलाय, भाविक तिथे ओठ टेकवतात. सण 12 ऑक्टोबरला. गोव्यातल्या पिलार गावाचं नावही याच मातेवरून.

'पिलार' हा शब्द स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी, नाव मात्र बाईचं. रोसारिओ, कोन्सुएलो यांचंही तेच, म्हणून शेवटच्या 'ओ'वरून मुलगा ठरवलात की फसलात. जुन्या दाखल्यांत 'मारिया' पूर्ण लिहिलेलं नसतं. मोठा 'एम' आणि वर चिमुकला 'ए' दिसला की ते मारियाच वाचा, मधल्या नावाचं आद्याक्षर नव्हे. पिलारचं घरगुती रूप पिली. मारिपिली मात्र जपून, कधीकधी टिंगलीत वापरतात. उच्चारात जोर 'लार'वर.