एजंटला जास्त विचारलं तर नाव कापतील का?

"मॅडम, जास्त चौकशी केली तर लिस्टमधून नाव कापतील ना." मी काउन्सेलर आहे. परदेशातल्या नोकरीसाठी एजन्सीत पैसे भरून वाट बघत बसलेली माणसं माझ्याकडे येतात ती वेगळ्याच तक्रारी घेऊन, कुणाला झोप नाही, कुणी घरात सारखं चिडतं, पण थोडं बोलणं पुढे गेलं की हे वाक्य येतंच. आणि ते आलं की मी बाकी सगळं बाजूला ठेवून तेवढंच धरते. कारण एजन्सी रजिस्टर्ड आहे की नाही हे मोबाईलवर बसल्या जागी बघता येतं, पण ते बघायला हात पुढे होत नाही, आणि तो का होत नाही हे माझं काम आहे. एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि त्या नवरा-बायकोला विचारूनच लिहितेय.

भांडुपचा मुलगा, तिशीच्या आतला, वेल्डर, फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये कामाला. फॅमिली डॉक्टरांनी पाठवलेला, पोटात सतत जळजळ, रिपोर्ट सगळे नॉर्मल. बराच वेळ तो फक्त अ‍ॅसिडिटीबद्दलच बोलत होता. मग त्याचा फोन व्हायब्रेट झाला, त्याने स्क्रीन बघितली आणि एकदम खुर्चीतून उठून उभाच राहिला. एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप होता, शनिवारपर्यंत ७० हजार भरा, नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि आधीचे पैसे परत मिळणार नाहीत.

मग सगळं बाहेर आलं. साकीनाक्याला एका गाळ्यात ऑफिस, दुबईत वेल्डरची नोकरी, राहणं-खाणं कंपनीचं. ८० हजार भरून झालेले, त्यातले ५० कॅश आणि ३० कुठल्यातरी बाईच्या जीपेवर, एजन्सीच्या नावाने काहीच नाही, पावती नाही, काँट्रॅक्टचा कागद बघितलेला नाही. ओरिजिनल पासपोर्ट त्यांच्याकडे. आणि आता नवीनच चालू केलेलं की सध्या व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे पोचलास की आम्ही चेंज करून देतो.

मी विचारलं, घरी कोणाला माहितीये? तर दुबईला चाललाय हे सगळ्यांना माहिती, पण किती भरले आणि कसे भरले हे कोणालाच नाही. बायकोच्या पाटल्या तारण ठेवून ४० हजार आणलेले ते तिला माहिती, बाकीचे ४० वर्कशॉपच्या शेठकडून व्याजाने घेतलेले, ते तिला सांगितलेलंच नाही. गणपतीत गावी गेला तेव्हा आईने अख्ख्या वाडीला सांगून टाकलेलं, आणि मंडळाच्या पोरांनी त्याचं नाव वहीत लिहून पण घेतलं, पुढच्या वर्षीचा स्पीकर दुबईवाल्याकडून. हे सांगताना तो पहिल्यांदा रडला.

मला जे दिसलं ते असं, एजंट आपल्याला फसवेल याची भीती त्याला होतीच, पण आपण फसलो हे घरी आणि गावी कळेल याची भीती त्याच्या कितीतरी पट मोठी होती. मग ७० हजार भरले की निदान अजून काही दिवस "होतंय होतंय" म्हणता येतं. दुसरा हप्ता असा भरला जातो. बाहेरच्या लोकांना वाटतं एवढी साधी गोष्ट कळत कशी नाही, माणूस मूर्ख आहे का. त्याला सगळं कळत होतं. पोट त्याचंच जळत होतं.

मी त्याला जाऊ नको असं म्हटलं नाही. एजंट चोर आहे असंही म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं असतं तर तो त्याचीच बाजू घेऊन माझ्याशी भांडला असता आणि परत आला नसता. म्हटलं, पैसे भरायचे की नाही ते आपण शुक्रवारी ठरवू, आज फक्त काय विचारायचं ते कागदावर लिहू. तुमचा लायसन्स नंबर काय, पैसे एजन्सीच्या खात्यात घेऊन पावती देणार का, जायच्या आधी काँट्रॅक्टची कॉपी हातात मिळणार का, आणि माझा पासपोर्ट परत कधी. मी एजंट झाले आणि त्याला विचारायला लावलं. प्रत्येक वेळी सुरुवात व्हायची "सर, राग मानू नका पण" आणि आवाज खाली जायचा. ते "राग मानू नका" काढायलाच निम्मा वेळ गेला. पैसे याने दिलेले, आणि माफी पण हाच मागतोय!

मग तिथेच त्याच्याच मोबाईलवर ईमायग्रेट ही सरकारी साईट उघडली. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे रजिस्ट्रेशन लागतं आणि रजिस्टर्ड एजंटांची यादी या साईटवर असते, कोणालाही बघता येते. नाव टाकलं तर सापडलं! त्याचा चेहरा खुलला. पण पत्ता वाचायला सांगितलं तर तो साकीनाक्याचा नव्हताच, पार वेगळ्या भागातला. त्या यादीतल्या नंबरवर त्याने स्वतः फोन लावला, समोरचा माणूस म्हणाला, आमची साकीनाक्याला ब्रँच नाही, आमचं नाव घेऊन कोणीतरी हे करतंय, असे फोन आम्हाला याआधी पण आलेत. म्हणून सांगते, यादीत नाव दिसलं म्हणून थांबू नका, पत्ता आणि फोन नंबर जुळतो का तेही बघा.

पुढच्या वेळी बायकोला घेऊन आला. शेठच्या ४० हजारांचं त्याने माझ्यासमोर सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग मला म्हणाली, "मॅडम, पाटल्यांचं काय नाय वाटत, पण हे रात्री दोन-दोन वाजता गॅलरीत जाऊन बसतात आणि मला म्हणतात गरम होतंय. डिसेंबरात कसलं गरम होतंय?" त्यानंतर त्या घरात जे बोलणं झालं ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण शनिवारी पैसे घेऊन एकटा जाणारा माणूस बायको आणि मेव्हण्याला बरोबर घेऊन, प्रश्नांचा कागद घेऊन गेला.

एजंट भडकलाच. तुमच्यासारखे पन्नास जण लाईनीत आहेत, नाव काढून टाकतो, वगैरे. ज्याला तो इतके दिवस घाबरत होता तेच वाक्य! लायसन्स नंबर दिला नाही आणि पासपोर्ट परत हवा तर १० हजार प्रोसेसिंगचे टाका म्हणाला. मेव्हण्याने सांगितलं, पासपोर्ट सरकारच्या मालकीचा असतो, आम्ही इथून सरळ पोलीस स्टेशनला आणि तिथून बीकेसीला चाललो. बीकेसीला विदेश भवन आहे, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याचं मुंबईचं ऑफिस तिथेच. सोमवारी पासपोर्ट मिळाला. दोन्हीकडे तक्रार केली, जीपेचे ३० हजार परत आले कारण त्याचा रेकॉर्ड होता, कॅशचे ५० अजून आलेले नाहीत आणि येतील असं मी त्याला खोटं सांगत पण नाही.

आता व्हिजिट व्हिसाचं, कारण हे मला सगळ्यात जास्त विचारतात. हा मुलगा नववीपर्यंत शिकलेला. दहावी पास नसेल तर साधारणपणे पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा ठरावीक देशांत नोकरीला जायच्या आधी सरकारचं एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे जायची परवानगी, लागतं. कटकट वाटते, पण त्या निमित्ताने मालक कोण, पगार किती, काँट्रॅक्टमध्ये काय लिहिलंय हे सगळं सरकारी रेकॉर्डवर येतं आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा पण होतो, दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये. व्हिजिट व्हिसावर पाठवलं की हे सगळं टळतं, आणि एजंटला तेच हवं असतं. त्या व्हिसावर यूएईमध्ये काम करणं बेकायदेशीर आहे, म्हणजे उद्या पगार अडकला तर तक्रार करायला जाणारा माणूस आधी स्वतःच घाबरलेला असतो. इथे विचारायची हिंमत नव्हती, मग तिथे कुठून येणार?

आणि पैशांचं. रजिस्टर्ड एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, ते पण पावती देऊन. लाख-दीड लाख कोणी मागत असेल तर बाकीचे कशाचे हे विचारा. सब-एजंट कायद्यात बसतच नाही, त्यामुळे "मी त्यांचाच माणूस" म्हणणाऱ्या ओळखीच्या काकांना पैसे देऊ नका, मग ते गावचे असले तरी. शिकलेली मुलं म्हणतात हे लेबरवाल्यांचं आहे, आमचं वेगळं. वेगळं नाही. थायलंडला डेटा एंट्री किंवा डिजिटल मार्केटिंगचा जॉब म्हणून नेलेली कॉम्प्युटर येणारी मुलंच म्यानमारच्या मायावड्डीत ऑनलाईन फ्रॉडच्या कामाला जुंपली गेली, २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल इशारा द्यावा लागला. यूकेला जाणाऱ्यांसाठी पण, तिथल्या कायद्याने एजन्सीला नोकरी शोधून दिल्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत, आणि व्हिसा स्पॉन्सर करू शकणाऱ्या कंपन्यांची यादी तिथल्या सरकारच्या साईटवर असते.

या मुलाला अजूनही जायचंय आणि मला त्यात काही चुकीचं दिसत नाही. वेल्डिंग त्याचं उत्तम आहे, तिकडे पगार बरा मिळतो, पाटल्या सोडवायच्यात. आता रजिस्टर्ड एजन्सीत ट्रेड टेस्ट दिलीये, मेडिकल बाकी आहे. आईला त्याने स्वतः फोन करून सांगितलं, ती दोन दिवस बोलली नाही, मग तिनेच मंडळाच्या पोरांना सांगितलं की स्पीकरचं यंदा दुसरीकडे बघा.

ज्यांचा हप्ता उद्या-परवावर आलाय त्यांनी आज पैसे भरू नका. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११ ३०९० आहे, तिथे फोन करा, ईमायग्रेटवर नाव, पत्ता, नंबर तिन्ही जुळवा, आणि आज रात्री घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा. एजन्सीत जाताना त्याच माणसाला बरोबर न्या.