ईसीएचएस (माजी सैनिकांसाठीची सरकारी आरोग्य योजना) आहे, तरी खासगी विमा घ्यावा का?

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त सुभेदार, वय 66. पत्नी 61 वर्षांची, तिला जुना मधुमेह आहे, गुडघाही बदलावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. फेब्रुवारीत तिला दाखल करताना पॅनेलवरच्या रुग्णालयाने ‘ईसीएचएसकडून बिलं थकलीत’ म्हणत 80,000 रुपये अनामत घेतली. बँकेत 12 लाखांच्या ठेवी आहेत. एजंट वर्षाला 62,000 हप्त्याची पॉलिसी सुचवतोय. घेऊ का?

उत्तर: सुभेदारसाहेब, रेफरल, म्हणजे ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकची (दवाखान्याची) चिठ्ठी, हातात असताना काउंटरवर पैसे मोजावे लागले, हे वाचून फार वाईट वाटलं. पैसे न मोजता उपचार मिळणं हा तुमचा हक्क होता. तरीही ही पॉलिसी घेऊ नका.

तुम्हाला भीती आहे ती वहिनींच्या मधुमेहाची आणि गुडघ्याची. आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, गुडघा बदलायला बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. म्हणजे 1,86,000 रुपये भरूनही ज्यासाठी विमा घेतला, त्यालाच कदाचित पैसे मिळणार नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून हप्त्यावरचा जीएसटी गेला हे खरं, पण वयाबरोबर हप्ता चढतच जातो.

आता पैसे का थकतात, ते बघा. 2023-24 च्या मूळ अर्थसंकल्पात ईसीएचएसच्या उपचारांसाठी ठेवलेली रक्कम इतकी अपुरी होती, की सुधारित अंदाजात ती सुमारे 70 टक्के वाढवावी लागली. एवढं होऊनही 2024-25 ची सुरुवात 6,968 कोटींवर केली, म्हणजे आदल्या वर्षीच्या सुधारित आकड्यापेक्षा कमीच. 2025-26 ला 8,317 कोटी दिले, तेही त्या आकड्याच्या खालीच. सुरुवातीला कमी द्यायचं आणि वर्ष सरताना भर घालायची, यात मधले महिने रुग्णालयांची बिलं अडकतात आणि त्याचा ताप तुमच्यासारख्यांना होतो. ज्यांनी उमेदीची वर्षं सीमेवर काढली त्यांच्यावर ही वेळ यावी, याचा मला मनापासून संताप येतो.

पण यातून एक गोष्ट कळते. तुमचा पैसा बुडत नाहीये, तो उशिरा येतोय. तेव्हा तजवीज करायची ती या उशिराची. 12 लाखांतले 3 लाख फक्त दवाखान्यासाठी बाजूला काढा: 50,000 बचत खात्यात, उरलेल्याच्या पन्नास-पन्नास हजारांच्या पाच ठेवी. रात्री गरज पडली तर एकच मोडेल. खात्यावर वहिनींचंही नाव हवं आणि एटीएम कार्ड त्यांना वापरता यायला हवं. बाकीचे 9 लाख ठेवींची मुदत संपेल तसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 18,450 रुपये व्याज येईल. त्यातूनच दवाखान्याचा निधी पुन्हा भरत राहा.

विमा हवाच असेल तर 3 लाखांवरचा खर्च उचलणारा सुपर टॉप-अप बघा. त्याचा हप्ता बराच कमी असतो. प्रतीक्षा त्यालाही आहे, आणि अर्जात साखर लपवू नका. एजंट ‘लिहू नका’ म्हणाला तर एजंट बदला.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरवून करायचं असतं. ते जानेवारी ते मार्चमध्ये नको, नव्या आर्थिक वर्षाचा निधी सुटल्यावर करा. पॉलिक्लिनिकमध्ये पुण्याच्या कमांड हॉस्पिटलचं रेफरल मिळेल का, हेही विचारा. तिथे बिलाचा प्रश्नच नाही. तातडीने पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात जावं लागलं तर 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. परतावा योजनेच्या दरानेच मिळतो, वरचा फरक आपल्या खिशातून जातो.

आणखी एक. सत्तरीनंतर आयुष्मान वय वंदना कार्डाचा (ज्येष्ठांसाठीची केंद्राची मोफत उपचार योजना) पर्याय समोर येईल. ईसीएचएसवाल्यांना दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. 5 लाखांच्या मर्यादेसाठी ईसीएचएस सोडू नका.

आणि त्या 80,000 चं काय केलंत, ते तुम्ही लिहिलं नाही. पावती, डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल आणि रेफरलची प्रत एका फाइलला लावा, पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्या, एक प्रत पुण्याच्या ईसीएचएस प्रादेशिक केंद्राला पाठवा, आणि तुमच्या प्रतीवर पोहोच म्हणून शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.