1906 च्या आधी कार्लटनकडून कोण खेळलं?

प्रश्न : पुतण्या मेलबर्नला असतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने नातवासाठी कार्लटन या ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉल (सॉकर नव्हे) क्लबची गर्द निळी जर्सी आणली. पोरगं आता वावरातही तीच घालून येतं. पुतण्या सांगतो, क्लब 1864 चा, पण 16 विजेतेपदांतलं पहिलं 1906 चं. सर, मधली 42 वर्षं हे लोक नुसते हरतच होते का?
– एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : नाही भाऊ, चांगले जिंकत होते. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातल्या क्लबांची संघटना 1877 मध्ये उभी राहिली आणि पहिल्याच वर्षी अव्वल आलं ते कार्लटन. पुढे 1896 च्या अखेरीस कार्लटनसह आठ क्लब फुटून निघाले, त्यांनी वेगळी लीग काढली, तिचा पहिला हंगाम 1897 चा. आजची एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, त्याच लीगची वारस, म्हणून तिची वही 1897 पासून उघडते. त्याआधीचं सगळं त्या वहीबाहेर राहिलं.

त्यात जॉर्ज कूल्थर्डसारखा माणूस गेला, याचं मला फार वाईट वाटतं. 1870 च्या दशकाअखेर कार्लटनचा सगळ्यात गाजलेला गडी हाच. तेव्हा फक्त गोल मोजायचे. बाजूच्या खांबांतून गेलेल्या चेंडूचा आजचा एक गुण निकालात धरत नसत. त्यामुळे एकेका गोलाला मोल होतं, आणि कूल्थर्ड गोल करणारा होता.

हाच माणूस क्रिकेटचा पंचही. 8 फेब्रुवारी 1879, सिडनी. लॉर्ड हॅरिसचा इंग्लिश संघ विरुद्ध न्यू साउथ वेल्स. पहिल्या डावात नाबाद 82 करणारा घरचा लाडका बिली मर्डॉक दुसऱ्या डावात 10 वर असताना कूल्थर्डने त्याला धावबाद दिला. पंच परका, मेलबर्नचा, वय अवघं 22. लोक मैदानात घुसले, हॅरिसला काठी बसली. यजमान कर्णधार पंच बदला म्हणून अडून बसला, हॅरिसने साफ नकार दिला. दुसऱ्या टोकाचे पंच होते एडमंड बार्टन, पुढे ऑस्ट्रेलियाचे पहिले पंतप्रधान. आणि हे हॅरिस म्हणजे नंतरचे मुंबईचे गव्हर्नर. 1988 मध्ये सचिन-विनोदने 664 धावांची भागीदारी केली ती यांच्याच नावाच्या शील्डमध्ये.

कूल्थर्ड 1882 मध्ये एक कसोटीही खेळला. दुसऱ्याच वर्षी क्षयाने गेला. 27 वर्षांचा होता.

आपल्या नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंचंच बघा. कसोटीचे आकडे काढले तर 7 सामने, 350 धावा. कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण 1926 मध्ये मुंबईत इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध 153 धावा, त्यात 11 षटकार, हे कसोटीच्या वहीत नाहीच, कारण भारताची पहिली कसोटी 1932 ची. माझं स्पष्ट मत आहे, जुनी विजेतेपदं वेगळ्या रकान्यात का होईना, पण त्याच यादीत छापावीत.

पुतण्याच्या ओळखीत कोणी एसेंडन या दुसऱ्या जुन्या क्लबवाले असतील तर त्यांना अल्बर्ट थरगुड विचारायला सांगा. 1899 मध्ये त्याने मारलेली एक किक मोजली, ती 107 यार्डांच्या वर भरली. 1892 ते 1894 या सलग तीन वर्षांत त्याचा क्लब विजेता होता आणि थरगुड त्याचा हुकमी गोलवीर. ते गोलही 1897 च्या अलीकडे येत नाहीत.