नोकरी सांभाळून, इतरांच्या उपयोगी पडणारं ख्रिस्ती जीवन कसं जगावं?

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी उपासनेला जाता, दशांश देता, पण सोमवार ते शनिवार ऑफिस आणि लोकलमध्येच संपतात. मग विश्वासू ख्रिस्ती म्हणून सेवा करायची कधी आणि कशी?

जय ख्रिस्त. माझंही बरीच वर्षं हेच चाललं होतं. भायखळ्याच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये वाढले, तिथल्या रविवारच्या शब्बाथशाळेत बायबलची वचनं पाठ केली. सेवा म्हणजे पाळकसाहेबांचं काम, आपण दानाचं पाकीट टाकायचं, असंच डोक्यात बसलेलं.

एका नाताळात आम्ही काहीजणी परळला टाटा हॉस्पिटलबाहेर बिस्किटं आणि चादरी वाटायला गेलो. रांगेत जालन्याकडच्या एक आजी नातवाची फाइल छातीशी धरून उभ्या होत्या. मी पुडा पुढे केला. त्या म्हणाल्या, "बिस्किट राहू दे बाई. जरा माझा नंबर धरतीस का? पहाटेपासून लघवीला गेले न्हाई." मी फाइल घेऊन उभी राहिले. आजी परत आल्या त्या तोंड धुऊन, पदर नीट करून. माझा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

घरी येऊन बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय पुन्हा काढला. भुकेल्याला खायला द्या, तान्हेल्याला पाणी द्या, हे पाठच होतं. पण आजाऱ्याला बरं करा असं तिथे कुठेच नाही, त्याच्या समाचाराला जा एवढंच आहे. तुरुंगातल्याला सोडवा असंही नाही, भेटायला जा. म्हणजे मला जे जमणार नाही ते प्रभूने मागितलेलंच नाही. जाणं मागितलंय, आणि ते मी टाळत होते.

तेव्हापासून महिन्याचा दुसरा शनिवार मी परळसाठी ठेवलाय. फॉर्म भरून देते, नंबर धरते. बाहेरगावच्या माणसाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी उतरायची जागा असते हेच माहीत नसतं, ते सांगते. तब्येत चांगली असेल तर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, द्या. केमोने पेशंटच्या प्लेटलेट्स खाली येतात, आणि दिलेल्या 5 दिवसांच्या वर टिकत नाहीत. साठवून ठेवता येत नाहीत म्हणून दाता सतत लागतो, अगदी बायबलमध्ये इस्राएली लोकांना रानात खायला रोज नव्याने पडणाऱ्या मान्न्यासारखं.

"एवढ्याशाने काय होणार" असं वाटलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. 1889 मध्ये त्यांनी मुलींना शिकवण्यासाठी शारदा सदन काढलं ते आपल्या मुंबईतच, मोजक्या मुलींवर. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. हजारो मुली येतील तेव्हा बघू, असं म्हणून रमाबाई थांबल्या नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मदतीच्या बदल्यात कुणाला प्रार्थनेला बसवू नका, पत्रकं हातात देऊ नका. ज्याचं मूल आत वॉर्डात आहे तो माणूस तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, आणि अशा अगतिक माणसाकडून घेतलेला होकार प्रभूला चालेल असं मला वाटत नाही. कुणी आपणहून विचारलं, "ताई, तुम्ही कशासाठी येता?" तर मी खरं ते सांगते. आणि त्याने म्हटलं तरच सोबत प्रार्थना करते.

तुमच्या घरातच कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर बाहेर जाता येत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. त्यांचं अंग पुसणं, औषध देणं ही सेवाच आहे.

जमत असेल तर एक दिवस ठरवा आणि पहिल्या खेपेला काहीच नेऊ नका. रांगेच्या शेवटाला जा, तिथे जे एकटे उभे असतील त्यांना विचारा, "काही हवंय का?" पाण्याची बाटली आणि एक पेन मात्र जवळ असू द्या. पेन सगळ्यांना लागतं.